सुप्त कासदाहाचा लेख: हस्तलिखितापासून प्रूफपर्यंतच्या नोंदी

४ जून

सुप्त कासदाह म्हणजे बाहेरून लक्षण न दिसणारा, गायीच्या कासेचा दाह. त्याच्या अभ्यासासाठी दुधाचे नमुने गोळा करण्याचं काम संपलं. आता लिहायचं. आज मी, माझा पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताई, तिघं दुपारभर बसलो.

पहिला प्रश्न: लेख किती? विद्यार्थ्याच्या यादीत तीन होते. सीएमटीची, म्हणजे दुधावरून कासदाह ओळखणाऱ्या कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टची अचूकता हा पहिला, जिवाणूंची प्रतिजैविकांना संवेदनशीलता हा दुसरा, आणि कळपनिहाय प्रमाण हा तिसरा. तिसऱ्याला मी नाही म्हटलं. कळपनिहाय प्रमाण हा पहिल्याच लेखातला एक तक्ता आहे. तोच तक्ता कापून वेगळा लेख केला की वाचणाऱ्याला एका अभ्यासाचे दोन अभ्यास वाटतात. पुढे कुणी सगळ्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण करायला बसलं तर आपल्याच गायी दोनदा मोजल्या जातील. दोन लेख करायचे, कारण प्रश्न खरोखर दोन आहेत. गायी त्याच असल्याचं दोन्हीकडे स्पष्ट लिहायचं.

या नोंदी पहिल्या लेखाच्या.

लेखात काय काय नोंदवायला हवं याची मार्गदर्शक यादी कोणती, हे आराखडा करतानाच ठरलं होतं. चाचणीची अचूकता तपासतोय म्हणून स्टार्ड २०१५, तिचे ३० मुद्दे. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह, पशुवैद्यकातल्या निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब-व्हेट, पशुधनातल्या यादृच्छिक चाचण्यांसाठी रिफ्लेक्ट अशा वेगवेगळ्या याद्या आहेत. लेख लिहून झाल्यावर यादी भरायला घेतली की निम्म्या मुद्द्यांपुढे लिहायला काही उरत नाही. गोठ्यात जे नोंदवलंच नाही ते टेबलाशी बसून आठवत नाही.

७ जून

नियतकालिक निवडायचं. तिघांनी तीन नावं आणली. नावावरून न ठरवता प्रत्येकाचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळले. प्रत्यक्ष गोठ्यात केलेले निदानाचे अभ्यास ते छापतात का? शब्दमर्यादा किती? कच्ची आकडेवारी खुली करायला सांगतात का? छपाईचा खर्च लेखकावर आहे का? एक नाव गळलं, कारण तिथे जवळजवळ सगळे लेख रेणवीय पातळीवरचे होते.

दुपारी विद्यार्थ्याने एक ईमेल दाखवली. ‘आदरणीय डॉक्टर, आपला बहुमूल्य लेख पाच दिवसांत स्वीकारू.’ त्याला पदवीसाठी लेख हवाय, मुदत जवळ येतेय, त्याचं मन डळमळणं मला समजतं. आम्ही दोघांनी मिळून त्या संकेतस्थळाची तपासणी केली. संपादक मंडळावरच्या लोकांच्या संस्था दिलेल्या नाहीत. विषयाच्या यादीत पशुवैद्यक, स्थापत्य आणि व्यवस्थापन शेजारीशेजारी. शुल्क किती ते लेख पाठवल्यावरच कळणार. पाच दिवसांत खरं परीक्षण, म्हणजे विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून लेखाची तपासणी, होत नाही. योग्य परीक्षक शोधून त्यांचा होकार मिळवण्यातच कित्येकदा काही आठवडे जातात. तो स्वतःच म्हणाला, “नको, मॅडम.”

११ जून

लेखकांची नावं. हे काम लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच संबंध बिघडतात, म्हणून मी सुरुवातीलाच घेतलं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कामाची आखणी, आकडे मिळवणं किंवा त्यांचा अर्थ लावणं यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक सुधारणा करणं, अंतिम प्रतीला संमती, आणि कामातल्या कोणत्याही भागावर प्रश्न आला तर उत्तर देण्याची जबाबदारी. खोली, गाडी किंवा निधी मिळवून दिला एवढ्यावर माणूस लेखक होत नाही. एका वरिष्ठांचं नाव घालावं असं सुचवलं गेलं. मी नम्रपणे आभारांत त्यांचा उल्लेख करू म्हणाले. शांतता थोडी जड झाली, पण निभावलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तंत्रज्ञ ताईंचं. दुधातले जिवाणू वाढवायची प्रत्येक प्लेट त्यांनी लावली आणि वाचली. दूषित नमुने कोणते, हे त्यांनी ठरवलं. त्या म्हणाल्या, “मी कुठे लेख लिहितेय?” पण ज्याचा पहिला निकष पूर्ण होतो त्याला मसुदा वाचायची आणि सुधारायची संधी द्यायची, असं तीच समिती सांगते. संधी न देता ‘यांनी लिहिलं नाही’ म्हणून नाव वगळणं हा अन्याय आहे. कार्यपद्धतीचा भाग त्यांच्याकडे तपासायला जाईल. नाव तिसरं. कुणी काय केलं ते क्रेडिट पद्धतीच्या १४ भूमिकांत लिहून सगळ्यांची सही घेतली.

१५ जून

गायींचा हिशेब लागत नाही.

लिहायला सुरुवात प्रवाह-आकृतीपासून करायची असं मी नेहमी सांगते. किती प्राणी आले, किती वगळले, का वगळले, शेवटी किती उरले. आज ती काढायला बसलो.

गायी ८४. सड ३३६. कायमचे आटलेले सड ११, म्हणजे नमुने ३२५. कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून पाहताना, तीन किंवा अधिक प्रकारच्या वसाहती आल्या तर नमुना दूषित धरायचा, हा आमचा नियम, तसे ७. राहिले ३१८. विश्लेषणाच्या तक्त्यात मात्र ३१५.

तीन नमुने कुठे गेले?

१६ जून

सापडले नाहीत. वही, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो, शीतपेटीची यादी, सगळं पुन्हा पाहिलं.

१७ जून

सापडले! तिन्ही एकाच गायीचे. तिचा एक सड आटलेला, म्हणून तीनच नमुने. गोठ्याच्या उपचार-नोंदवहीत तिच्या नावापुढे नमुन्याच्या चार दिवस आधी कासेत प्रतिजैविक सोडल्याची नोंद होती. आराखड्यात आमची अट होती: मागच्या १४ दिवसांत प्रतिजैविक दिलेली गाय घ्यायची नाही. विद्यार्थ्याच्या हे उशिरा लक्षात आलं, त्याने तिच्या ओळी तक्त्यातून काढल्या आणि कुठेही लिहून ठेवलं नाही.

काढणं बरोबर होतं. न लिहिणं चूक होतं. तो फार खजील झाला. मी त्याला सांगितलं की हे लपवायचं नाही, उलट आकृतीत तिचा स्वतंत्र चौकोन काढायचा. आता हिशेब असा: गायी ८४, उपचारामुळे वगळली १, उरल्या ८३. सड ३३२, आटलेले १०, नमुने ३२२, दूषित ७, विश्लेषणात ३१५.

दोन दिवस गेले. मला ते वाया गेलेले वाटत नाहीत. वाचणाऱ्याने आमचा गोठा पाहिलेला नसतो, त्याच्या हातात फक्त हे आकडे असतात. ८४ पासून ३१५ पर्यंत त्याला स्वतः चालत जाता आलं पाहिजे.

२० जून

सांख्यिकीच्या सरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “एकक काय? सड, गाय की कळप?”

३१५ सड म्हणजे ३१५ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच गायीचे चार सड एकाच जमिनीवर टेकतात, एकाच हाताने पिळले जातात, एकाच रक्तावर पोसले जातात. एकात संसर्ग असला तर शेजारच्यात असण्याची शक्यता वाढते. सरांनी कागदावर हिशेब मांडला: गटाचा परिणाम म्हणजे १ + (म − १) × र. म म्हणजे एका गायीचे सड, र म्हणजे त्यांच्यातलं साम्य. म ४ आणि र समजा ०.२ धरला तर १.६ येतात. ३१५ भागिले १.६, म्हणजे माहितीच्या दृष्टीने जेमतेम १९७ स्वतंत्र सडांइतकाच हा साठा. त्यावर कळपाचाही थर आहेच. म्हणून गाय आणि कळप हे यादृच्छिक घटक धरणारं मिश्र प्रारूप, म्हणजे एकाच गायीतलं आणि एकाच कळपातलं साम्य हिशेबात घेणारी पद्धत, वापरायची. विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते दाखवणारे पट्टे, रुंद होतील. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला, पण रुंद झाले तर तेवढंच आपल्याला माहीत आहे असा त्याचा अर्थ.

दुसरा मुद्दा मला रात्रीपर्यंत पुरला. सीएमटीची तुलना कशाशी? शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ साली मांडलेली ही चाचणी दुधातल्या पेशी फोडते. पेशींतला डीएनए बाहेर पडून मिश्रण जेलीसारखं दाटतं. म्हणजे ती पेशी मोजते, जिवाणू नाही. सोमॅटिक सेल काउंट, म्हणजे दुधातली पेशीसंख्या, हाही पेशीच मोजतो. तेव्हा सीएमटी आणि पेशीसंख्या जुळल्या म्हणून सीएमटी संसर्ग ओळखते असं म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच दाहाच्या दोन सावल्या आहेत. कल्चर संसर्ग दाखवतं, पण जिवाणू थांबून थांबून बाहेर पडत असले तर तेही चुकतं. मग लेखाचे दोन उपप्रश्न वेगळे केले. एक, मिलिलिटरमागे २,००,००० पेशींची आधीच ठरवलेली मर्यादा धरून सीएमटी कशी चालते. दोन, कल्चर धरून कशी चालते. एका वाक्यात दोन्ही मिसळायचे नाहीत.

२८ जून

कार्यपद्धती लिहून झाली. सगळ्यात कोरडा भाग समजला जातो, मला सगळ्यात आवडतो. पहिल्या धारा टाकून दिल्या, सडाचं टोक स्पिरिटने पुसलं, नमुना थंड ठेवला, रक्त-अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित थरावर, १० मायक्रोलिटर दूध पसरलं, ३७ अंशांवर २४ आणि ४८ तासांनी वाचलं. सीएमटी वाचणाऱ्याला पेशीसंख्या माहीत नव्हती, प्लेट वाचणाऱ्याला सीएमटीचा निकाल माहीत नव्हता. हे शेवटचं वाक्य मसुद्यात राहून गेलं होतं, ताईंनी पकडलं. “मला चिठ्ठीवर फक्त क्रमांक दिसायचा, ते लिहा ना.”

नैतिक समितीच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख घातली. गायींच्या मालकांची लेखी संमती घेतल्याचंही लिहिलं. परवानगी कामाच्या आधीची असावी लागते. नंतर मिळवलेलं पत्र दाखवून भागत नाही.

५ जुलै

संदर्भ. सगळे संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये घातले आणि प्रत्येक मूळ लेख उघडून पाहिला. एक मागे घेतलेला निघाला, काढला. दोन ठिकाणी आम्ही ज्याचा हवाला देत होतो ते वाक्य त्या लेखात नव्हतंच. तो लेखही दुसऱ्या कुणाचा तरी हवाला देत होता. मूळ शोधून तेच वाचलं आणि तेच दिलं.

१२ जुलै

निष्कर्ष आणि चर्चा. लाल पेन बराच चालला.

पी म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता. ‘पी = ०.०००’ असं सॉफ्टवेअर छापतं. शक्यता शून्य नसते, ‘पी < ०.००१’ लिहायचं. आणि नुसता पी नको, चाचणीची संवेदनशीलता (बाधितांपैकी किती बरोबर ओळखले) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती बरोबर ओळखले) त्यांच्या ९५ टक्के विश्वास-अंतरालासह हवी. ‘यावरून सिद्ध होते’ हे सहा ठिकाणी होतं, सहाही ठिकाणी गेलं. चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात आपल्याला काय मिळालं ते सांगायचं. विद्यार्थ्याने तिथे कासदाहाचा जगभरचा इतिहास लिहिला होता, तो मोहही मी समजू शकते, पण काढला. मर्यादांच्या परिच्छेदात प्रत्येक सडाचा नमुना एकदाच घेतला हे पहिलं वाक्य.

मथळ्यातून ‘अभिनव’ काढलं. गोषवारा सगळ्यात शेवटी लिहिला आणि त्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी बोट ठेवून जुळवला. पुष्कळ वाचक गोषवाऱ्यापुढे जातच नाहीत, म्हणून तिथली चूक सगळ्यात दूर पोचते.

२० जुलै

आकृत्या. छायाचित्र ३०० डीपीआय, रेषाचित्र त्याहून जास्त. प्लेटच्या फोटोत एक कोपरा काळपट होता, विद्यार्थ्याने तेवढाच उजळ केला होता. परत मूळ फोटो घेतला. उजेड बदलायचा तर पूर्ण चित्राचा, सारखा, आणि तसं चित्राखालच्या ओळीत लिहून. मूळ फाइल जपून ठेवायची, संपादक मागू शकतात.

२६ जुलै

सादर केला. ऑनलाइन अर्जालाच पाच तास लागले. प्रत्येक लेखकाची ओळख पटवणारा १६ आकडी ऑर्किड क्रमांक, निधी, हितसंबंध, आकडेवारी कुठे उपलब्ध आहे ते विधान. परीक्षण लेखकांची नावं झाकून होतं, म्हणून मुख्य फाइलमधून नावं, संस्था आणि आभार काढले. फाइलच्या गुणधर्मांत माझं नाव शिल्लक होतं, तेही पुसलं. ओळींना सलग क्रमांक.

सोबतच्या पत्रात तीन परिच्छेद: प्रश्न काय, काय मिळालं, तुमच्या वाचकांना का उपयोगी. लेख अन्यत्र पाठवलेला नाही हे एक वाक्य. सुचवलेल्या परीक्षकांत आमच्यापैकी कुणाबरोबर अलीकडे लिहिलेलं कुणी नाही ना, हे तपासलं. भाषा सुधारायला एआय साधन वापरलं होतं, ते कुठे आणि कशासाठी हे नोंदवलं. अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण चौथ्या निकषाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

शेवटचं बटण दाबण्याआधी प्रणालीने बनवलेली पीडीएफ पूर्ण वाचली. तक्ता २ चा उजवा स्तंभ पानाबाहेर गेला होता. तो नीट करून मग पाठवला.

२८ जुलै

कार्यालयाकडून परत. तक्ता १ चित्र म्हणून चिकटवला होता, बदलता येईल असा हवा. संध्याकाळी परत पाठवला.

१४ ऑगस्ट

परीक्षकांकडे न जाताच नकार. ‘आमच्या कक्षेबाहेर.’ अंक चाळूनही असं होतं. वाईट वाटलं. विद्यार्थ्याला जास्त.

त्याने विचारलं, “मॅडम, आता एकदम दोन ठिकाणी पाठवूया का? वेळ वाचेल.” नाही. दोन ठिकाणचे परीक्षक एकाच लेखावर आपला वेळ विनामोबदला घालवतील, आणि दोघांनी स्वीकारला तर एकच अभ्यास दोनदा छापला जाईल. एका वेळी एकच. पण लवकर नकार मिळाला यात एक फायदा आहे: चार महिने गेले नाहीत.

२ सप्टेंबर

यादीतल्या दुसऱ्या नियतकालिकाला पाठवला. नुसता मथळा बदलून नाही. त्यांची गोषवाऱ्याची मर्यादा २५० शब्द, संदर्भ क्रमांकांऐवजी नाव-वर्ष पद्धतीचे, स्टार्डची भरलेली यादी जोडणं सक्तीचं. ती आमच्याकडे तयार होती.

८ ऑक्टोबर

‘परीक्षणाखाली.’ दुसऱ्या लेखाच्या प्लेट्स मोजतोय.

१९ नोव्हेंबर

मोठ्या सुधारणा सांगितल्यात. दोन परीक्षक, मिळून ३१ मुद्दे. नियम माझा जुनाच: आज फक्त वाचायचं, उत्तर लिहायचं नाही.

२१ नोव्हेंबर

आज पुन्हा वाचलं. परवा जे टोचलं होतं त्यातलं बरंचसं खरं आहे.

दुसऱ्या परीक्षकाचा नववा मुद्दा वाचून मी विद्यार्थ्याला हाक मारली. ‘एक गाय उपचारामुळे वगळली आहे. हा निर्णय निकाल पाहण्याआधीचा की नंतरचा?’ अगदी योग्य प्रश्न. आमच्याकडे आराखड्याची तारीख आहे, त्यात १४ दिवसांची अट आहे, उपचाराच्या नोंदीची प्रत आहे. पण विद्यार्थ्याने ओळी काढल्या तेव्हा कल्चरचे निकाल त्याच तक्त्यात होते. म्हणजे अट आधीची, अंमल नंतरचा. उत्तरात हे दोन्ही जसंच्या तसं लिहायचं ठरवलं. शिवाय त्या गायीला धरून आणि वगळून, दोन्ही प्रकारे विश्लेषण चालवायचं आणि धरून केलेलं पूरक तक्त्यात द्यायचं.

१० डिसेंबर

दोन्ही विश्लेषणं झाली, निष्कर्षाची दिशा बदलली नाही. पूरक तक्ता तयार.

उत्तरांची फाइल: प्रत्येक मुद्दा पूर्ण उतरवून, खाली उत्तर, खाली बदललेलं वाक्य ओळीच्या क्रमांकासह. परीक्षकाला शोधत फिरावं लागू नये. पहिल्या परीक्षकाने अभ्यास झाल्यावरची ‘पॉवर’, म्हणजे खरा फरक असेल तर तो अभ्यासाला सापडण्याची शक्यता, काढायला सांगितली होती. ती आम्ही दिली नाही. निकाल हातात असताना काढलेली पॉवर पी-मूल्यापेक्षा नवीन काही सांगत नाही. अनिश्चितता किती ते विश्वास-अंतराल दाखवतो, आणि तो तक्त्यात आहे. हे आदराने, कारणासह लिहिलं. एकाला चर्चा लहान हवी, दुसऱ्याला मोठी. संपादकांना दोन ओळींत विचारलं, त्यांनी लहानच्या बाजूने कौल दिला.

ताईंनी कार्यपद्धतीचा भाग शेवटचा वाचला.

६ जानेवारी

सुधारित प्रत गेली. एक स्वच्छ, एक बदल दाखवणारी.

२१ जानेवारी

स्वीकारला. ताईंना सगळ्यात आधी फोन केला.

३ फेब्रुवारी

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, आलं, ४८ तासांची मुदत. इथे नवीन विचार घालायचे नाहीत, फक्त चुका. तिघांनी स्वतंत्र वाचलं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ प्रत धरायची असं एकदा पुन्हा.

जिवाणूंची नावं दोन ठिकाणी तिरकी राहिली नव्हती. एका लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं. तक्ता ३ मध्ये उणे चिन्हाऐवजी आडवी रेघ. आणि कार्यपद्धतीत, मायक्रोचं ग्रीक अक्षर टंक बदलताना पडून त्याजागी एम आला होता. रक्त-अगारवर १० मायक्रोलिटर दुधाचं १० मिलिलिटर झालं होतं. हजारपट. ताईंनीच ते पाहिलं. म्हणाल्या, “एवढं दूध ओतलं तर प्लेटचं तळं होईल.” मग संपूर्ण प्रूफमध्ये ते अक्षर एकेक करून शोधलं, आणखी दोन ठिकाणी पडलेलं सापडलं.

एकूण नऊ दुरुस्त्या, पान आणि ओळीसह. ८४, ८३, ३३२, ३२२, ३१५ हे गोषवाऱ्यात, मजकुरात, आकृतीत आणि तक्त्यात पुन्हा जुळवले. रात्री साडेदहाला परत पाठवलं.